शेतकऱ्याच्या कामाची टोंकदार सुरी : ती कशी पारखावी ?

बैल घ्यावयाचा झाला म्हणजे आपण त्याचे दांत पाहतों, खूर पाहतों, चालवून पाहतों आणि चार जाणत्यांस विचारतों. बियाणें घ्यावयाचें झालें तर मूठभर दाणे तळहातावर घेऊन फुंकून पाहतों. परंतु सुरी घ्यावयाची झाली म्हणजे आठवड्याच्या बाजारांत जी चकाकते ती उचलतों, दुकानदार सांगेल त्या किंमतींत दहा-वीस रुपये कमी करून घेतों, आणि महिनाभरांत टोंक मोडलें किंवा मूठ निखळली म्हणजे नशिबास बोल लावतों. हत्यार लहान, सबब त्याची पारख करण्याचें कारण नाहीं, असा आपला समज असतो. तो समज मला एकदां फार महाग पडला. म्हणून या विषयावर चार शब्द लिहिण्याचें धाडस करीत आहें.

मी महसूल खात्यांत कारकून होतों. निवृत्तीस दोन वर्षें असतांना आषाढांत रजेवर गांवीं आलों होतों. रात्रभर पाऊस पडून गोठ्याची जमीन निसरडी झाली होती. पहांटे बैलांच्या धडपडीचा आवाज आला म्हणून विजेरी घेऊन धांवलों. थोरला बैल घसरून पडला होता, त्याचा पुढचा पाय दाव्यांत अडकला होता, आणि नायलॉनचें दावें गळ्याभोंवतीं फांसासारखें आवळलें गेलें होतें. जीभ बाहेर आली होती. भिजलेल्या नायलॉनची गांठ एकदां ओढ बसली म्हणजे हातांनीं सुटत नाहीं. कोयता जवळ होता. पण मानेवर घाव कसा घालावा? विळ्याचें वांकडें टोंक दाव्याखालीं शिरेना. अखेर खिशांतील घडीचा चाकू काढून त्याचें टोंक दाव्याखालीं रेटलें, तों पातें मिटलें आणि माझ्या उजव्या तर्जनीवर बसलें.

आरडाओरड ऐकून शेजारचे म्हातारे काका आले. त्यांच्याजवळ मोटेच्या काळची, चामड्याच्या वाद्या कापण्याची जुनी सुरी होती. त्यांनीं तिचें पातें मानेच्या कातडीस सपाट लावून टोंक दाव्याखालीं सरकविलें, धार बाहेरच्या अंगास फिरविली, आणि दोन हिसक्यांत दावें तोडलें. बैल घटकाभरानें उठला, आणि पुढचे दोन हंगाम त्यानें औत ओढलें. माझ्या बोटास तीन टांके पडले व धनुर्वाताची सुई टोचून घ्यावी लागली. त्या बोटाच्या शेंड्यास अद्याप नीट स्पर्श समजत नाहीं. ज्याचा जन्म कागद उलटण्यांत गेला, त्यास ही उणीव रोज जाणवते.

काकांच्या सुरींत आणि माझ्या चाकूंत फरक किंमतीचा नव्हता. माझा चाकू दिसण्यास अधिक सुबक व बहुधा अधिक महागहि होता. फरक होता तो तीन गोष्टींचा : त्यांच्या सुरीचें पातें मिटणारें नव्हतें, तिचें टोंक बारीक पण बळकट होतें, आणि तिची लांबी बेताची होती. या तीन गोष्टी ज्या सुरींत आहेत ती शेतकऱ्यानें घ्यावी, आणि ज्या सुरींत नाहींत ती फुकट मिळाली तरी घेऊं नये, एवढेंच या लेखाचें सार आहे. पुढें त्याचा तपशील देतों.

ज्याचें काम त्यास

प्रथम हें ध्यानांत घ्यावें कीं, सुरी ही कोयत्याच्या किंवा विळ्याच्या जागीं नाहीं. कोयता आपल्या वजनानें तोडतो. विळा ओढीनें कापतो. कलम बांधण्याचा चाकू एका बाजूनेंच उतरती धार असलेला, वस्तऱ्यासारखा जपून ठेवण्याचा असतो, आणि त्यानें दोरी कापणें हा त्याचा अपमान होय. परंतु पोत्याची शिवण उसवणें, सुतळी तोडणें, ठिबक सिंचनाची नळी कापणें, आच्छादनाच्या प्लास्टिकच्या कागदास चीर देणें, खताची पिशवी फोडणें, चामड्याच्या पट्ट्यास भोंक पाडणें, अशीं कामें दिवसांतून दहा वेळां येतात. या प्रत्येक कामाचा आरंभ टोंकानें होतो, मग धार पुढें चालते.

घडीचा चाकू खिशांत सोयीचा खरा. पण त्याच्या सांध्यांत चिखल, माती व चिकट रस जातो. कांहींना पातें अडविण्याची कळ असते. ती हलक्या मालांत ऐन वेळीं सुटते, आणि पुष्कळांस ती नसतेच. टोंकावर जोर द्यावयाचें काम असेल तर न मिटणारी सुरीच असावी.

टोंक

टोंकदार म्हणजे सुईसारखें नव्हे. सुईसारखें निमुळतें टोंक गोणींत सहज शिरतें, परंतु जरा आडवा ताण बसला कीं तुटतें. उलट स्वयंपाकघरांतील कित्येक सुऱ्यांचें टोंक इतकें गोल असतें कीं तें आवळलेल्या दोरीखालीं जातच नाहीं. यांतील मध्यम मार्ग असा : पात्याची पाठ मुठीपासून बऱ्याच अंतरापर्यंत सरळ असावी, आणि शेवटच्या तिसऱ्या हिश्श्यांत हलकेच खालीं उतरावी. धार तशीच वर चढून तीस मिळावी. म्हणजे टोंक पात्याच्या मध्यरेषेजवळ किंवा तिच्या किंचित् वर येतें. असें टोंक हाताच्या रेषेंत राहतें, त्यामुळें तें कोठें शिरेल याचा अंदाज चुकत नाहीं.

दुसरी गोष्ट जाडीची. पातें वरून, म्हणजे पाठीकडून पाहावें. पाठीची जाडी टोंकाकडे हळूहळू कमी होत जावी. अगदीं टोंकापर्यंत सारखी जाड असल्यास तें रुतणार नाहीं, आणि अर्ध्यावरच कागदासारखी झाली असल्यास तें टिकणार नाहीं. दुकानदाराची परवानगी घेऊन टोंक मऊ लांकडांत पाव इंच दाबावें व सरळ बाहेर काढावें. तें वांकलें किंवा त्याचा कण उडाला तर सुरी परत ठेवावी. मात्र टोंकानें खिळे उपटणें, डब्याचें झांकण उघडणें हीं कामें चांगल्या सुरीसहि सांगूं नयेत. टोंक शिरण्यासाठीं आहे, पहारीसारखें उचकटण्यासाठीं नाहीं.

पात्याचें माप

शेतकामास ४ ते ५ इंच लांबीचें पातें पुरेसें आहे. ३ इंचांहून कमी असेल तर मोठा भोपळा किंवा जाड दोरखंड एका ओढींत कापत नाहीं. ६ इंचांहून अधिक असेल तर टोंक हातापासून दूर जातें, बारीक कामांत तें आवरत नाहीं, आणि वांकून काम करतांना कमरेची सुरी मांडीस टोंचते. रुंदी सुमारें १ इंच व पाठीची जाडी अडीच ते तीन मिलिमीटर असावी. जाड पातें मजबूत असतें असें वाटतें, परंतु जाड पातें कापत नाहीं, फाडतें.

मूठ

सुरीचें अर्धें आयुष्य मुठींत असतें. पातें मुठींत किती आंत गेलें आहे, हें प्रथम पाहावें. हलक्या मालांत पात्याचा दांडा मुठींत इंच-दीड इंचच शिरलेला असतो, व बाहेरून त्यावर पोकळ प्लास्टिकची मूठ बसविलेली असते. पहिल्या उन्हाळ्यांत ती सैल होते. पात्याचें लोखंड मुठीच्या शेवटापर्यंत गेलेलें असून दोन्ही अंगांस लांकडाच्या फळ्या रिव्हेटांनीं ठोकलेल्या असल्या, तर तें डोळ्यांनींच दिसतें, व तशी मूठ उत्तम. दांडा मुठीच्या आंत दडलेला असल्यास तो निदान दोन-तृतीयांश लांब असावा, आणि मुठीच्या तोंडास लोखंडी किंवा पितळी शेंबी असावी. मूठ हातांत धरून पातें बाजूंनीं हलवून पाहावें. किंचितहि खुळखुळ जाणवली तर घेऊं नये.

टोंकदार सुरीस आणखी एक गोष्ट अवश्य पाहिजे. टोंक रेटतांना ओला हात पुढें सरकून धारेवर जातो. यासाठीं मुठीच्या पुढच्या भागास बोट अडेल असा उंचवटा असावा. बाजारांतील सरळ, गुळगुळीत मुठीच्या सुऱ्यांनीं किती जणांचीं बोटें चिरलीं असतील याची गणती नाहीं. मूठ सुमारें साडेचार इंच, म्हणजे चारहि बोटें नीट मावतील इतकी असावी.

पोलाद

सुरीच्या पोलादाचे शेतकऱ्याच्या दृष्टीनें दोन वर्ग आहेत. एक साधें कर्बयुक्त पोलाद. त्यास धार लवकर लागते, घरच्या दगडावर ती पुन्हां उतरवितां येते. पण लिंबू, कैरी, द्राक्ष यांचा आंबट रस लागला कीं तें काळें पडतें, आणि ओलें ठेवलें तर गंजतें. दुसरें न गंजणारें, ज्यास आपण नुसतें स्टील म्हणतों. त्यांत क्रोमियम हा धातु शेंकडा साडेदहा किंवा अधिक असतो, म्हणून गंज सहसा धरत नाहीं. परंतु सगळें स्टील सारखें नव्हे. ताटें-वाट्या ज्या स्टीलचीं होतात त्यांत कर्ब फार थोडा असतो व तें पाणी देऊन कडक होत नाहीं; त्याची सुरी कितीहि चकाकली तरी धार धरणार नाहीं. जो माणूस काम झाल्यावर सुरी पुसून ठेवतो त्यानें कर्बयुक्त पोलाद घ्यावें. ज्याच्या सुरीस अनेक हात लागतात, त्यानें सुरीसाठींच केलेलें स्टील घ्यावें.

परीक्षा सोपी आहे. बारीक दांत्यांची चांगली कानस धारेजवळच्या भागावर हलक्या हातानें सरकवावी. ती घसरली तर पोलादास पाणी ठीक बसलें आहे. कानसेनें लोखंड सहज खाल्लें तर पातें नरम आहे. हा ओरखडा राहतो, म्हणून दुकानांत विचारूनच करावा. लोहाराकडून सुरी घेतांना मात्र ही परीक्षा अवश्य करावी.

विकत घ्यावी कीं घडवून घ्यावी ?

किंमतीचें माझें मोजमाप असें आहे : शेतकऱ्याच्या सुरीची किंमत एका गड्याच्या एक-दोन दिवसांच्या मजुरीइतकी असावी. त्याहून फार स्वस्त सुरींत पोलाद नसतें, आणि त्याहून फार महाग सुरी मनुष्य वापरीत नाहीं, पेटींत ठेवतो.

साधेपणा म्हणजे हलकेपणा नव्हे, याचें उत्तम उदाहरण स्वीडन देशांतील मोरा येथील सुऱ्यांचें आहे. त्या परगण्यांत सुऱ्या करण्याचा धंदा जुना असून, तेथील आजच्या कारखान्याचें मूळ १८९१ सालापर्यंत जातें. त्या सुऱ्या सुतार, कोळी, शेतकरी यांच्यासाठीं केलेल्या. त्यांच्या नेहमींच्या कामाच्या सुरीचें पातें सुमारें ४ इंच लांब व अडीच मिलिमीटर जाड असतें. साधें कर्बयुक्त पोलाद आणि न गंजणारें पोलाद, अशा दोन्ही प्रकारांत ती मिळते. नक्षी नाहीं, झिलई नाहीं. सगळा खर्च पोलादावर व त्यास दिलेल्या पाण्यावर. आपल्याकडे ती आयात होऊन येते, व वाहतूक आणि कर यांमुळें स्वस्त राहत नाहीं. ती घ्यावीच असें मी म्हणत नाहीं. पण तिचें माप व साधेपणा डोळ्यांपुढें ठेवावा.

तेंच माप देऊन आपल्या गांवच्या किंवा बाजाराच्या लोहाराकडून सुरी घडवून घेणें हा मार्ग मला सर्वांत पसंत आहे. कागदावर पात्याची व मुठीची आकृति खऱ्या मापानें काढून द्यावी. नुसतें तोंडीं सांगितलें तर लोहार आपल्या संवयीप्रमाणें लहान कोयताच करून देतो. पोलादासाठीं मोटारीचा जुना कमानपाटा चालतो. तें पोलाद सुरीस योग्य आहे. पण पुष्कळ वर्षें धक्के खाल्लेल्या पाट्यांत न दिसणाऱ्या चिरा असतात, म्हणून तुटलेला पाटा घेऊं नये.

पाणी देतांना लोहारास दोन गोष्टी विनयपूर्वक सांगाव्या. पहिली, पातें तांबडें होऊन लोहचुंबक त्यास चिकटेनासा झाला, म्हणजे थोडें आणखी तापवून तें पाण्यांत न बुडवितां तेलांत बुडवावें; कमानीचें पोलाद पाण्यांत तडकण्याची भीति असते. दुसरी, तेलांतून काढलेलें पातें कांचेसारखें ठिसूळ असतें. तें स्वच्छ घांसून पुन्हां मंद तापवावें, व धारेस वाळल्या गवताचा पिवळसर रंग आला म्हणजे थांबावें. पाठीस निळा रंग आला तरी चालेल, किंबहुना बरें; धारेस निळा येऊं देऊं नये. ही दुसरी तापवणी टाळली तर टोंक पहिल्याच आठवड्यांत उडतें.

म्यान व निगा

टोंकदार सुरीस म्यान नसणें म्हणजे गोठ्यांत साप मोकळा ठेवणें होय. म्यान जाड चामड्याचें असावें, आणि धारेच्या बाजूस शिवणीच्या आंत चामड्याची एक अधिक पट्टी घातलेली असावी. नाहींतर धार शिवण कापते व टोंक बाहेर येतें. म्यानांत सुरी ओली घालूं नये.

धार लावण्यास सराणीवर वारंवार देऊं नये. वेगानें फिरणाऱ्या चाकावर पातें तापतें, टोंक सर्वांत पातळ म्हणून सर्वांत आधीं निळें पडतें, आणि त्याचें पाणी उतरतें. घरीं निसणा ठेवावा. पातें इंचभर रुंद असल्यास पाठ दगडापासून इंचाचा तिसरा हिस्सा उचलून, तोच कोन कायम ठेवून, दोन्ही बाजूंनीं सारखें घांसावें. टोंकाजवळ येतांना मूठ किंचित् वर उचलावी, म्हणजे वळणाचा भाग दगडावर टेकतो. एका बाजूनें घांसल्यावर दुसऱ्या बाजूस बारीक खरखरीत कड उलटलेली नखास लागते; ती धारेच्या सबंध लांबीवर आली म्हणजे बाजू बदलावी. शेवटीं जुन्या चामड्याच्या पट्ट्यावर पातें पाठीच्या दिशेनें ओढावें. आठवड्यांतून पांच मिनिटें दिलीं तर पुरे.

एका झाडावरून दुसऱ्या झाडास सुरी लावतांना, विशेषतः डाळिंबाच्या बागेंत, पातें निर्जंतुक करून घ्यावें. तेल्या रोगाचे जंतु हत्यारांवाटे पसरतात.

दोन इशारे

पहिला जनावरांविषयीं. गुरांस पोटफुगी झाली म्हणजे कांहीं जण डाव्या भकाळींत सुरी खुपसण्याचें धाडस करतात. पशुवैद्य तेथें जें हत्यार वापरतो त्यास नळी असते. वायु नळीवाटे बाहेर जातो. सुरीच्या छिद्रांतून पोटांतील घाण आंत सांडून जनावर दगावण्याचा संभव आहे. आपली सुरी दाव्यासाठीं आहे, पोटासाठीं नाहीं. आणि माणसास सुरी लागली तर, गोठ्याची व शेताची माती लागलेली जखम लहान समजूं नये. धनुर्वाताची सुई त्याच दिवशीं घ्यावी.

दुसरा इशारा कायद्याविषयीं. जन्मभर कचेरींत बसलों म्हणून तो देणें मला भाग आहे. शस्त्र अधिनियम, १९५९ खालील शस्त्र नियम, २०१६ यांच्या परिशिष्टांत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याच्या धारदार हत्यारांचा उल्लेख आहे, आणि घरगुती, शेतकी, शास्त्रीय व औद्योगिक कामासाठीं केलेलीं हत्यारें त्यांतून वगळलीं आहेत. ४-५ इंचांची शेतकामाची सुरी त्या मापाच्या पुष्कळ आंत आहे. परंतु एवढ्यावर निर्धास्त राहूं नये. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ३७ अन्वयें सण, निवडणूक, मोर्चा अशा प्रसंगीं ठराविक मुदतीपुरते मनाई हुकूम निघतात, व त्यांत सुऱ्या, लाठ्या वगैरे बाळगण्यास बंदी असते. असे हुकूम चावडीवर लागतात आणि कोणी वाचीत नाहीं, हें मी डोळ्यांनीं पाहिलें आहे. शेतांतून उठून तसेच एस. टी. नें तालुक्यास, जत्रेस किंवा कोर्टांत जाण्याची आपली संवय असते. निघण्यापूर्वीं कमर चांचपून पाहावी व सुरी घरीं खुंटीस अडकवून जावें. पोलिसापुढें “ही शेताची सुरी आहे” असें सांगणें खरें असलें, तरी तें सांगण्याची जागा बाजाराचा चौक नव्हे.

समारोप

सारांश : न मिटणारें, ४ ते ५ इंचांचें पातें, मध्यरेषेजवळ आलेलें, बारीक पण भरीव टोंक, दांडा खोल गेलेली व बोट अडविणारी मूठ, कानसेस दाद न देणारें पोलाद, आणि जाड चामड्याचें म्यान. इतकें पाहून घेतलेली सुरी थोडक्या पैशांत मिळते आणि वर्षानुवर्षें टिकते.

त्या पहांटेनंतर काकांची सुरी मीं कागदावर ठेवून पेन्सिलीनें आंखून घेतली व तिच्यावरून लोहाराकडून दोन करविल्या. एक घरांत आहे. दुसरी गोठ्याच्या दारावर, मुलांचा हात पोंचणार नाहीं अशा उंचीवर, म्यानासह टांगली आहे, आणि घरांतील प्रत्येक मोठ्या माणसास ती अंधारांत सांपडेल अशी संवय केली आहे. वाचकांनीं दुसरें कांहीं केलें नाहीं तरी आज सायंकाळीं गोठ्यांत उभें राहून एवढें स्वतःस विचारावें : आतां या क्षणीं दावें तोडावयाचें झालें, तर माझ्या हातास काय लागेल ?